पन्नाशीत वकील होता येते का? वयाची अट, सीईटी, सनद आणि नोकरीचे नियम. समजून घ्या सोप्या भाषेत

नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या एका मुलीला कोर्टात अशिलाच्या बाजूने उभे राहायला वयाची सत्तावन्न वर्षे लागली. अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि पदवी परीक्षेत पहिली आली. या क्रमांकावर इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, पण मुलगी असल्याने तिला ती नाकारण्यात आली. हितचिंतकांनी वर्गणी काढली आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला पोहोचली. १८९२ मध्ये तिने तिथली कायद्याची परीक्षा दिली. अशी परीक्षा देणारी ती पहिलीच महिला होती. मात्र ऑक्सफर्ड त्या काळी महिलांना पदवी देत नसे.

तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी. भारतात परतल्यावर तिने मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. तरीही सनद मिळाली नाही. कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द होता आणि त्यात महिला येत नाहीत, असा अर्थ तेव्हा लावला जात होता. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने याच कारणाने फेटाळला. अखेर १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया यांची नोंदणी केली, १९२३ मध्ये महिलांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला आणि १९२४ मध्ये त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. ऑक्सफर्डच्या परीक्षेला तेव्हा ३२ वर्षे झाली होती.

आज हा प्रश्न वेगळ्या रूपात विचारला जातो. मुले मोठी झाली, नोकरीची वीस-पंचवीस वर्षे झाली, घरातल्या जमिनीच्या किंवा घटस्फोटाच्या खटल्यात तारखांवर तारखा बघितल्या, आणि मग वाटते, आपणच कायदा शिकलो तर? कुणाचे एलएलबी लग्नाआधी झालेले असते, सनद घ्यायची राहून गेलेली असते. अशा सगळ्यांसाठी नियम नेमके काय आहेत?

वकील होण्यासाठी कमाल वयाची अट आहे का?

थेट उत्तर : सनद घेण्यासाठी कमाल वयाची अट नाही.

वकिलीचा मूळ कायदा म्हणजे १९६१ चा अधिवक्ता कायदा. त्याच्या कलम २४ मध्ये नोंदणीच्या अटी दिल्या आहेत. भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षे पूर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेची कायद्याची पदवी, या त्यातल्या मुख्य अटी. किमान वय लिहिले आहे, कमाल वय कुठेच नाही.

मात्र मध्यंतरी अशी अट आणण्याचा प्रयत्न झाला होता. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९३ मध्ये नियम केला की, वयाची ४५ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीची वकील म्हणून नोंदणी करायची नाही. दुसऱ्या क्षेत्रातून निवृत्त होऊन लोक वकिलीत येतात आणि त्यामुळे व्यवसायाचा दर्जा घसरतो, असा युक्तिवाद त्यामागे होता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी १९९५ मध्ये न्यायालयाने हा नियम रद्द केला.

न्यायालयाने तो का रद्द केला?

दोन कारणांमुळे. पहिले कारण अधिकाराचे. नोंदणी झालेल्या वकिलाने कोणत्या अटींवर काम करावे, हे ठरवण्याचा अधिकार कौन्सिलला आहे. एखाद्याला दारातच अडवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

दुसरे कारण समानतेचे. समजा, एकाने तिशीत सनद घेतली, नंतर नोकरी धरली आणि पन्नाशीत वकिलीत परतला. त्याला हा नियम लागू नव्हता. दुसरा पन्नाशीत पहिल्यांदाच सनद मागतो आहे, त्याला मात्र मनाई. दोघांचे वय सारखे आणि दोघांनाही कोर्टाचा अनुभव जवळपास शून्य. मग फरक कशासाठी? न्यायालयाला हा नियम मनमानी वाटला आणि तो राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ च्या विरोधात असल्याचा निर्वाळा त्याने दिला.

मग लॉ कॉलेजच्या प्रवेशाला वयाची अट होती, त्याचे काय झाले?

गोंधळ होतो तो इथे. सनद आणि प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९५ चा निकाल सनदेबद्दल होता. २००८ च्या विधी शिक्षण नियमांत बार कौन्सिलने प्रवेशासाठी वयोमर्यादा घातली. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी खुल्या प्रवर्गाला २० वर्षे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ३० वर्षे. मागास प्रवर्गांना त्यात सवलत होती. ही अट २०१३ मध्ये मागे घेण्यात आली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पुन्हा लागू करण्यात आली. तिला आव्हान मिळाल्यावर मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. २०२० मध्ये तर ७७ वर्षांच्या एका महिलेने, मला कायदा शिकू द्या, अशी मागणी करत सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती.

महाराष्ट्राच्या विधी सीईटीला आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या 'क्लॅट'ला कमाल वयाची अट नाही. तरीही त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचे पान वाचल्याशिवाय शुल्क भरू नये.

प्रवेशासाठी काय लागते?

पदवीधरांसाठी तीन वर्षांचे एलएलबी आहे. शाखा कुठलीही चालते. बीए, बीकॉम, बीएस्सी, इंजिनीअरिंग, फार्मसी, काहीही. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागास वर्गासाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण आवश्यक आहेत. पदवी नसेल, पण बारावी झाली असेल तर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे.

महाराष्ट्रात प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतात. तीन वर्षांच्या सीईटीत कायद्याचे प्राथमिक ज्ञान, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, तर्कक्षमता आणि इंग्रजी असे भाग असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. वीस वर्षांनी परीक्षेला बसणाऱ्याला सर्वांत जास्त भीती इंग्रजीची वाटते, पण तो चार भागांपैकी एकच भाग आहे. रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाचा चालू घडामोडींचा अभ्यास आधीपासून सुरूच असतो.

तीन वर्षे वाया घालवणाऱ्या तीन चुका

पहिली चूक मुक्त विद्यापीठाच्या पदवीबाबत होते. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, मात्र त्याआधी दहावी आणि बारावी रीतसर झालेली असली पाहिजे. बारावी न करता केवळ पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवी घेतली असेल, तर विधी शिक्षण नियमांनुसार अशी व्यक्ती एलएलबीला अपात्र ठरते. परिस्थितीमुळे शाळा सुटलेल्या आणि पुढे जिद्दीने पदवीधर झालेल्या अनेकांना हा नियम जाचक वाटतो. पण तो आहे, आणि फॉर्म भरण्याआधीच माहीत असलेला बरा. अशा वेळी आधी बारावी करून मग पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे जाण्याचा मार्ग उरतो. तो लांबचा आहे, पण बंद नाही.

दुसरी चूक म्हणजे 'घरबसल्या एलएलबी'. पत्रव्यवहाराने किंवा ऑनलाइन घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. कायदा या विषयातील पदविका किंवा प्रमाणपत्र घरबसल्या करता येते, ते ज्ञानासाठी ठीक. वकिली करायची तर बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेल्या महाविद्यालयातच नियमित शिकावे लागते. जाहिरातीत विद्यापीठाचे नाव मोठे दिसले तरी त्या महाविद्यालयाला, त्याच अभ्यासक्रमासाठी आणि त्याच वर्षासाठी मान्यता आहे का, हे तपासावे.

तिसरी चूक हजेरीबाबत होते. नियमानुसार प्रत्येक विषयाच्या तासांना ७० टक्के हजेरी लागते. अपवादात्मक कारणाने ती ६५ टक्क्यांपर्यंत शिथिल करता येते. बिगरनिवासी महाविद्यालयांना सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच वर्ग घेता येतात. म्हणजे ऑफिस सुटल्यावर रात्री कॉलेज, हा जुन्या पिढीने वापरलेला रस्ता आता तसा उरलेला नाही. सकाळचे वर्ग असलेले महाविद्यालय शोधणे, हाच नोकरदारांपुढचा व्यवहार्य पर्याय.

नोकरी करता करता एलएलबी करता येते का?

शिकता येते. मात्र बार कौन्सिलने सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार विद्यार्थ्याने नोकरीची माहिती द्यायची आहे आणि मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडायचे आहे. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपल्या विभागाची परवानगी आधीच घ्यावी.

वकिली मात्र नोकरीसोबत करता येत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करायला बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार मनाई आहे. स्वतः धंदा चालवण्यावरही बंधन आहे. निवृत्तिवेतन हा पगार नव्हे, त्यामुळे पेन्शन घेणाऱ्याला अडचण नाही.

याचा अर्थ असा की, नोकरी सोडण्याचा निर्णय एलएलबीच्या पहिल्या दिवशी घ्यावा लागत नाही, तो सनदेच्या वेळी घ्यावा लागतो. समजा, ४७ वर्षांच्या बँक कर्मचारी महिलेने यंदा सीईटी दिली. तीन वर्षे, म्हणजे सहा सत्रे शिकून ती पन्नाशीत पदवीधर होईल. तेव्हा तिच्यापुढे दोन वाटा असतील. स्वेच्छानिवृत्ती घेऊन लगेच सनद घ्यायची किंवा पदवी कपाटात ठेवून साठीत, निवृत्तीनंतर सनद घ्यायची. कायद्याच्या पदवीला मुदत नसते, त्यामुळे दोन्ही वाटा खुल्या आहेत. घरखर्चाचे गणित कोणत्या वाटेवर जुळते, एवढेच पाहायचे.

सनद कशी मिळते? खर्च किती?

महाराष्ट्र, गोवा तसेच दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव येथील उमेदवारांची नोंदणी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा करते. कायद्यातील नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. प्रत्यक्षात अनेक राज्यांच्या बार कौन्सिल वेगवेगळ्या नावांखाली हजारो रुपये घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदा ठरवला. नोंदणीसाठी कायद्यातील शुल्क आणि असल्यास मुद्रांक शुल्क, याहून अधिक रक्कम घेता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. उशिरा, बचतीला हात घालून या व्यवसायात येणाऱ्यांना या निकालाने मोठा दिलासा दिला.

नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. १०० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. टिपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तके, म्हणजे 'बेअर अ‍ॅक्ट', सोबत नेता येतात. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. नापास झाल्यास परीक्षा पुन्हा देता येते, प्रयत्नांची मर्यादा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या परीक्षेची वैधता कायम ठेवली आहे.

एलएलबी पूर्वीच झाले, पण सनद घेतलीच नाही, आता काय?

अशांची, विशेषतः महिलांची, संख्या आपल्या आजूबाजूलाच बरीच दिसते. पदवी घेतली, मग लग्न, बदली, बाळंतपण, सासू-सासऱ्यांचे आजारपण. कपाटातल्या फायलीत गुणपत्रिका तशाच राहिल्या.

त्यांना पुन्हा एलएलबी करावे लागत नाही. आज सनदेसाठी अर्ज करता येतो. बार परीक्षेची सक्ती २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पदवी घेतलेल्यांना आहे. त्याआधीच्या पदवीधरांना ती परीक्षा द्यावी लागत नाही. ज्यांनी सनद घेऊन नंतर नोकरीसाठी ती स्थगित केली, त्यांना नोकरी सोडल्यावर ती पुन्हा सुरू करून घेता येते.

अभ्यास जुना झाला, ही शंका खरी आहे. पण इथे एक योगायोग उशिरा येणाऱ्यांच्या बाजूने घडला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा जाऊन त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम आले. तीस वर्षे '३०२' आणि '४२०' तोंडपाठ असलेल्या वकिलांनाही कलमांचे नवे क्रमांक शिकावे लागले. नव्याने सुरुवात करणारा निदान या एका बाबतीत सगळ्यांच्या बरोबरीला आहे.

जुना खटला किंवा शिक्षा आड येते का?

नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर कलम २४-अ नुसार नोंदणी होत नाही. पण ही अपात्रता कायमची नाही. सुटकेनंतर दोन वर्षांनी ती संपते. अशाच आरोपावरून सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्यांनाही दोन वर्षांचाच नियम लागू आहे. केवळ खटला सुरू आहे, म्हणजे शिक्षा झाली असे नव्हे. पण विचारलेली माहिती लपवणे महागात पडते. महत्त्वाची बाब दडवून मिळवलेली नोंदणी रद्द करण्याचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडियाला आहे.

सनद मिळाली, पुढे काय?

खरी कसोटी इथून सुरू होते. वयाने लहान असलेल्या सिनिअरच्या हाताखाली फायली उचलणे, तारखा घेणे, नकलेसाठी रांगेत उभे राहणे, हे सगळे पन्नाशीत करावे लागते. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. मात्र ती शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे वकिलीतून घर चालेल, हे गृहीत धरू नये.

काही दारे वयामुळे बंदही होतात. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या परीक्षेला वयोमर्यादा असते. शिवाय मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षे वकिलीची अट परत आणली आहे. त्यामुळे पन्नाशीत सनद घेऊन न्यायाधीश होण्याचे स्वप्न बाळगू नये. नोटरी होण्यासाठी साधारण १० वर्षांची वकिली लागते. महिला आणि मागास प्रवर्गांसाठी ही अट सात वर्षांची आहे. वरच्या उदाहरणातील बँक कर्मचारी महिलेने पन्नाशीत सनद घेतली, तर ५७ व्या वर्षी ती अर्ज करू शकेल.

जमेची बाजू आधीच्या नोकरीत असते. बँकेतून आलेल्याला कर्जवसुली न्यायाधिकरणाची भाषा ओळखीची असते. स्थापत्य अभियंत्याला महारेराच्या तक्रारीतला नकाशा कुणी समजावून सांगावा लागत नाही. महसूल खात्यात काम केलेला माणूस सातबारा आणि फेरफार पाहून वाद कुठे आहे ते ओळखतो. निवृत्त शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणासमोर येणाऱ्या सेवेच्या प्रकरणांची पार्श्वभूमी माहीत असते. परिचारिका रुग्णालयाची केस फाइल वाचू शकते. पंचविशीतल्या वकिलाकडे या गोष्टी नसतात. तीन वर्षांच्या वकिलीनंतर विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलसाठी अर्ज करता येतो. तिथे महिला, कामगार, कैदी अशा मोफत कायदेशीर मदतीस पात्र असलेल्यांची प्रकरणे हाताळायला मिळतात.

अर्ज करण्यापूर्वी हे तपासा

दहावी, बारावी, पदवी या क्रमाने सगळ्या गुणपत्रिका आहेत का? पदवीचे गुण प्रवर्गानुसार पुरेसे आहेत का? महाविद्यालयाला बार कौन्सिलची मान्यता आहे का आणि वर्गांची वेळ काय? मालकाची किंवा विभागाची परवानगी मिळेल का? सनदेनंतर किमान दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवता येईल का? लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र हाताशी आहे का?

या सहा प्रश्नांची उत्तरे 'हो' असतील, तर वयाचा सातवा प्रश्न कायदा विचारत नाही.

कॉर्नेलिया यांच्या बाबतीत शेवट गोड झाला, असे म्हणता येणार नाही. सनद मिळाल्यावरही कलकत्त्यात त्यांना युक्तिवादापेक्षा कागदोपत्री सल्ल्याचे काम जास्त मिळाले, आणि १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या. पण सनदेची वाट पाहण्यात गेलेली वर्षे रिकामी नव्हती. १९०४ पासून त्या बंगालमध्ये 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स'च्या सल्लागार होत्या. पडद्याआड राहणाऱ्या, पुरुष वकिलासमोर येऊ न शकणाऱ्या विधवा आणि अनाथ मुले मिळून ६०० हून अधिक जणांच्या मालमत्तेच्या हक्कांसाठी त्यांनी काम केले. काही वेळा मोबदला न घेता. त्यातल्या बहुतेकांसाठी त्यांच्याकडे सनद आहे की नाही, हा प्रश्न कधी आलाच नसावा.